दान दिलेलें बेट

अमेरिकेच्या प्रवासांतील कांहीं हकीकत पुढील अंकीं सांगूं, असें आम्हीं गेल्या खेपेस म्हटलें होतें. तेथील उंच इमारती, भुयारी आगगाड्या व दुकानें यांचीं वर्णनें इतक्या प्रवाशांनीं इतक्या वेळां केलीं आहेत कीं, त्यांत आमची भर घालण्यांत हंशील नाहीं. म्हणून आज आम्ही एकाच दिवसाची हकीकत सांगणार आहों. ती वाचतांना एखाद्या वाचकास आपल्या घरच्या सामाईक जमिनीची अडून राहिलेली सही आठवली, तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. त्या दिवशीं आमच्या खिशांतहि तसेंच एक पत्र होतें.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बोस्टन शहराजवळ राहतात. ऑक्टोबरच्या आरंभीं त्यांस दोन-तीन दिवसांची सवड मिळाली, तेव्हां त्यांनीं आम्हां उभयतांस मोटारींत घालून उत्तरेकडील मेन संस्थानांत नेलें. पांच-सहा तासांचा रस्ता. तेथें अटलांटिक महासागराच्या कांठीं माउंट डेझर्ट नांवाचें एक बेट आहे. तें पुलानें मुख्य भूमीस जोडलेलें आहे. त्या बेटाचा मोठा भाग, भोंवतालचीं कांहीं लहान बेटें आणि समोरच्या भूशिराचा एक तुकडा मिळून अकेडिया नांवाचें राष्ट्रीय उद्यान झालें आहे. उद्यान म्हटलें कीं आपणांस फुलझाडांचे वाफे व बसण्याचीं बांकें आठवतात. येथें तसें कांहीं नाहीं. पन्नास हजार एकरांच्या आसपास डोंगर, रान, तळीं आणि खडकाळ किनारा जसाच्या तसा राखलेला आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हल्लीं दरवर्षीं चाळीस लाखांच्या आसपास माणसें तो पाहून जातात.

आदले दिवशीं पाऊस झाला होता. रात्रीं तो थांबला व पहाटे आकाश धुतलेल्या थाळीप्रमाणें स्वच्छ निघालें. अंधारांतच आम्ही कॅडिलॅक नांवाच्या शिखराकडे निघालों. माथ्यापर्यंत सडक आहे. परंतु गर्दी आवरेना म्हणून २०२१ पासून उन्हाळा व शरदृतु या दिवसांत मोटारीस आगाऊ परवाना काढावा लागतो. चिरंजीवांनीं तो काढून ठेवला होता. शिखराची उंची १,५३० फूट. सिंहगड चढलेल्या माणसास ही उंची सांगण्याची लाज वाटावी. पण सिंहगडाच्या पायथ्याशीं समुद्र नाहीं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर याहून उंच डोंगर दुसरा नाहीं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या देशांतील पहिला सूर्योदय याच माथ्यावर दिसतो असें सांगतात.

थंडी कडाक्याची होती. शेंदीडशें माणसें अंगावर कांबळीं घेऊन तांबूस रंगाच्या उघड्या खडकावर बसलीं होतीं. तेथील दगड ग्रॅनाइटचा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची संवय असलेल्या डोळ्यांस तो प्रथम कोणीं रंगविला असावा असें वाटतें. सूर्याची कड पाण्यावर आली त्या क्षणीं सर्व बोलणें आपोआप थांबलें. आम्हीं नातवाच्या बाटलींतील पाण्यानें अर्घ्य दिलें. शेजारच्या एका गोऱ्या वृद्धानें काय केलें म्हणून विचारलें. चिरंजीवांनीं सांगतांच त्यानें आपली टोपी काढून हातांत धरली. खालीं समुद्रांत लहान लहान बेटें एखाद्यानें फुटाणे टाकावे तशीं पसरलीं होतीं. या प्रदेशाचे मूळ रहिवासी वाबानाकी या नांवानें ओळखले जातात, आणि त्या नांवाचा अर्थ पहाटेच्या भूमींतील लोक असा होतो, हें आम्हांस तेथेंच कळलें. उषेचीं वैदिक सूक्तें पढलेल्या माणसास असे लोक परके कसे वाटावे? पुढें १६०४ सालीं शांप्लॅं नांवाचा फ्रेंच दर्यावर्दी येथें आला. त्यानें या डोंगरांचे बोडके माथे पाहून बेटास ओसाड डोंगरांचें बेट असें नांव दिलें, आणि नकाशावर तेंच राहिलें.

खालीं उतरतांना रस्त्याच्या दोन्ही अंगांस सोन्यासारखीं पिवळीं झालेलीं झाडें लागलीं. त्यांच्या पांढऱ्या सालीचे पापुद्रे सुटून लोंबत होते. सूनबाईंनीं झाडाचें इंग्रजी नांव सांगितलें, तेव्हां आम्ही गाडी थांबवून खालीं उतरलों. हा तर आपला भूर्ज! हिमालयांतील भूर्जवृक्षाचा हा सगोत्र. कुमारसंभवांतील भूर्जत्वचेचा अर्थ आम्हीं तीस वर्षें मुलांस सांगितला आणि झाड पाहिलें तें साता समुद्रांपलीकडे. परंतु हीं झाडें तेथें इतकीं दाट असण्याचें कारण सुखाचें नाहीं. १९४७ च्या ऑक्टोबरांत, आपल्याकडे स्वातंत्र्य येऊन दोनच महिने झाले होते तेव्हां, या बेटावर मोठा वणवा पेटला. सतरा हजार एकरांहून अधिक रान जळालें, त्यांपैकीं दहा हजारांहून अधिक उद्यानांतलें होतें. धनिकांचे साठांहून अधिक वाडे आणि गरिबांचीं शंभरावर घरें त्यांत गेलीं. सदाहरित सूचिपर्णी वृक्ष जळून मोकळ्या झालेल्या जागीं हे भूर्ज व त्यांचे सोबती उगवले. आज शरदृतूंत ज्या पिवळ्या-तांबड्या रंगांसाठीं लोक लांबून येतात, ते पुष्कळसे त्या राखेंतून निघालेले आहेत.

पुढें आम्ही किनाऱ्याच्या वाटेनें चाललों. दोन खडकांच्या मध्यें वाळूची एक लहानशी चौपाटी आहे. तेथील वाळू हातांत घेऊन पाहिली तर तींत शिंपल्यांचा चुरा फार. पाणी इतकें थंड कीं, भर उन्हाळ्यांतहि तें फॅरनहाइटच्या ५५ ते ६० अंशांपुढें क्वचित् जातें. आमच्या मंडळींनीं पदर खोंचून पाय बुडविले मात्र, तोंच किंकाळी फोडून परतल्या. कोंकणच्या लेकीस समुद्रानें असें फसवावें, याचा राग त्यांस दुपारपर्यंत होता.

तेथून जवळच खडकांत एक अरुंद घळ आहे. भरती चढत असतां लाटा तींत शिरतात, आंत कोंडलेली हवा दाबली जाते आणि ढग गडगडल्यासारखा आवाज होऊन पाणी उंच उसळतें. म्हणून तिला थंडर होल म्हणतात. भरती पूर्ण होण्यापूर्वीं एक-दोन तास जावें, म्हणजे तमाशा चांगला दिसतो. येथें भरती-ओहोटींत दहा-बारा फुटांचें अंतर असतें. आम्ही गेलों तेव्हां ओहोटी लागली होती. मेघगर्जना ऐकण्यास गेलेल्या आम्हांस कोणी चूळ भरावी एवढाच आवाज ऐकूं आला. वेळेवर न जाणाऱ्या माणसास निसर्गहि थांबून राहत नाहीं, असा उपदेश आम्हीं नातवास केला; त्यावर त्यानें, "आजोबा, भरतीचें कोष्टक पाहण्याचें काम तुमच्याकडे होतें," असें सांगून आम्हांस गप्प केलें.

दुपारीं आम्ही जॉर्डन तळ्याच्या कांठीं पोंचलों. पाणी इतकें निवळ कीं, कांठचे दगड मोजून घ्यावे. तळें सुमारें दीडशें फूट खोल आहे आणि त्याचें पाणी पिण्याकरितां जातें म्हणून त्यांत कोणास उतरूं देत नाहींत. पलीकडे एकमेकांस खेटून उभे असलेले दोन वाटोळे डोंगर. त्यांतील एकाच्या कडेवर एक प्रचंड धोंडा आतां पडतो कीं मग पडतो अशा बेतानें बसला आहे. तो त्या डोंगराचा नव्हेच. हजारों वर्षांपूर्वीं या भूमीवर हिमाचे जे अजस्र थर होते, त्यांनीं सरकतां सरकतां तो कित्येक मैल उत्तरेकडून आणला, आणि बर्फ वितळल्यावर जेथें होता तेथें सोडला. तळ्याच्या कांठीं हिरवळीवर बसून चहा घेण्याची येथें शंभर वर्षांहून जुनी चाल आहे. चहाबरोबर एक पोकळ फुगीर पाव देतात. त्यांत अंडें असतें असें समजल्यावर आम्हां उभयतांस चहा व मुरंबा यांवर भागवावें लागलें. नातवानें मात्र आमच्या वांटणीचेहि घेतले.

त्या हिरवळीवर बसून आम्हीं उद्यानाच्या कचेरींतून घेतलेली माहितीची पुस्तिका वाचली. सकाळपासून आम्ही समजत होतों कीं, हें रान सरकारचें, सरकारनें राखलें. वस्तुस्थिति उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बेटावरील जमीन खाजगी मालकीची होती. धनिक लोक उन्हाळ्यांत येऊन येथें वाडे बांधीत होते आणि कोठेंहि नेतां येणाऱ्या लांकूड कापण्याच्या यंत्रांमुळें आंतील रानहि धोक्यांत आलें होतें.

त्या काळीं हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे होते. त्यांच्या वडील मुलाचें नांवहि चार्ल्सच. हा मुलगा १८८० सालीं विद्यार्थी असतांना मित्रांसह या बेटावर तंबू ठोकून राहिला आणि त्यांनीं येथील दगड, झाडें व पक्षी यांच्या नोंदी केल्या. पुढें तो बागा व मोकळ्या जागा यांची आंखणी करण्याच्या धंद्यांत पडला. ग्रंथालय जसें लोकांकरितां पुस्तकें सांभाळतें आणि संग्रहालय जशीं चित्रें सांभाळतें, तशी सुंदर भूमि सांभाळणारी विश्वस्त मंडळी असावी, अशी कल्पना त्यानें १८९० सालीं मांडली. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत दुसऱ्याच वर्षीं तशी संस्था निघाली. मेनचा किनाराहि असाच राखावा असें त्यानें लिहून ठेविलें होतें. परंतु १८९७ सालीं, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, तो मेंदूच्या आवरणाच्या दाहानें वारला.

तेव्हां वडिलांचें वय त्रेसष्ट होतें. त्यांनीं मुलाचे कागद एक एक करून वाचले, त्याचें मोठें चरित्र लिहिलें, आणि १९०१ सालीं बेटावरील मंडळी जमवून मुलाच्या कल्पनेप्रमाणें विश्वस्तांची संस्था स्थापन केली. बापानें अर्धवट टाकलेलें काम मुलानें पुरें करावें, ही आपल्याकडील रीत. पुत्र या शब्दाच्या व्युत्पत्तींतच आपल्या पूर्वजांनीं ती घालून ठेविली आहे. येथें बापानें मुलाचें काम पुरें केलें. आम्हीहि साठी उलटलेले. शेजारीं आमचा मुलगा आपल्या मुलाच्या तोंडाचा मुरंबा पुसत बसला होता. पुस्तिका आमच्याच्यानें कांहीं वेळ पुढें वाचवली नाहीं.

संस्था निघाली, तरी जमीन देणार कोण? येथें दुसरे गृहस्थ पुढें आले, ते जॉर्ज डॉर. वडिलोपार्जित संपत्ति भरपूर, लग्न केलेलें नाहीं. हे दारोदार फिरून शेजाऱ्यांकडून डोंगर मागत, आणि कोणी न दिल्यास पदरचे पैसे घालून विकत घेत. हजारों एकर गोळा झाले. परंतु १९१३ सालीं नवेंच संकट आलें. जमिनीचा कर बुडतो म्हणून संस्थेची सनदच रद्द करावी, अशी हालचाल संस्थानच्या कायदेमंडळांत सुरू झाली. डॉर यांनीं ती कशीबशी टाळली, आणि दिलेलें दान राखणारा कोणी बळकट नसेल तर तें दान एका ठरावानें मोडतां येतें, हें ओळखून सर्व भूमि राष्ट्रास अर्पण करण्याचें ठरविलें. सरकारचे उंबरठे झिजवून १९१६ सालीं तिला राष्ट्रीय स्मारकाचा व १९१९ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अकेडिया हें नांव १९२९ पासूनचें. डॉर तिचे पहिले अधिकारी झाले, तेहि आरंभीं महिना एक डॉलर वेतनावर. आपली बहुतेक संपत्ति त्यांनीं या डोंगरांवर खर्चिली. शेवटीं त्यांची दृष्टीहि गेली. ज्यासाठीं सर्वस्व दिलें तें डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं अशा अवस्थेंत, १९४४ सालीं, नव्वदाव्या वर्षीं ते निवर्तले.

चहानंतर आम्ही ओढ्याच्या कांठानें घोडागाडीच्या रस्त्यावर फिरावयास निघालों. असे ४५ मैलांचे रस्ते धाकटे जॉन रॉकफेलर यांनीं १९१३ ते १९४० या काळांत स्वखर्चानें बांधून दिले. शिवाय दहा हजार एकरांहून अधिक जमीन दिली ती वेगळीच. या रस्त्यांवर मोटारीस मज्जाव आहे. ज्या घराण्याची संपत्ति खनिज तेलावर उभी राहिली, त्याच घराण्यांतील पुरुषानें मोटारीचा आवाज पोंचूं नये म्हणून रस्ते बांधावे, हा योग मोठा चमत्कारिक आहे. वाटेंत १९१७ सालीं बांधलेला पूल लागला. त्याचें तोंड ओढ्यांतल्यासारख्या वाटोळ्या गोट्यांचें आहे. त्याच्या कठड्याशीं आम्ही टेकलों.

येथें सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ज्यांच्याकडे अतोनात होतें त्यांनीं त्यांतलें थोडें दिलें. शिवाय आपल्याच वाड्यांसमोरचा देखावा बिघडूं नये हाहि हेतु असणारच. आणि वाबानाकी लोकांना कोणीं विचारलें होतें?" आमच्या पिढींतील सुना सासऱ्याशीं असें बोलत नसत, परंतु बोलणें खरें होतें. ज्यांची भूमि होती त्यांची ती देतांना कोणीं आठवण ठेविली नाहीं, हें या गोष्टींतील न्यून आहेच. देणाऱ्यांच्या मनांत स्वार्थ नव्हता असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या वाडेवाल्यांजवळ तो डोंगर विकून आणखी श्रीमंत होण्याचाहि मार्ग होता. तो त्यांनीं सोडला, म्हणून आज परवान्याचे सहा डॉलर्स घेऊन आलेला कोणीहि वाटसरू त्या माथ्यावर त्यांच्या नातवंडांच्या शेजारीं बसतो. हेतु निर्भेळ असल्याशिवाय द्यावयाचें नाहीं असें ठरविलें, तर जगांत दान होणारच नाहीं.

आतां खिशांतील पत्राविषयीं. रत्नागिरी जिल्ह्यांत समुद्रकांठीं आमचें मूळ गांव आहे. घराच्या खालीं पुळणीस लागून जमिनीची एक पट्टी आहे, तींत उंडी, सुरू व केवडा यांशिवाय कांहीं नाहीं. उत्पन्न शून्य. थंडीच्या दिवसांत रात्रीं कासवें तेथवर अंडीं घालण्यास येतात. पट्टी सहा घरांची सामाईक आहे. तेथें मोठें उपाहारगृह व राहण्याच्या खोल्या बांधूं इच्छिणारे कोणी भेटले. भाव चांगला आला. पांच सह्या झाल्या, आमची राहिली. आमच्या चुलत बंधूंनीं लिहिलें होतें, "अण्णा, आपण पुण्यास राहतां, आपणांस त्या पट्टीचा उपयोग काय? माझ्या घरच्या दुखण्यापायीं झालेलें कर्ज आपणांस ठाऊकच आहे." दोन्ही वाक्यें खरीं होतीं, म्हणूनच तीन आठवडे उत्तर लिहिलें गेलें नव्हतें.

सही न देणें सोपें होतें. गांवावर प्रेम आहे, कासवांवर दया आहे, असें पुण्यांत बसून लिहावयास काय लागतें? परंतु त्या पुलावर आमच्या ध्यानांत आलें कीं, एलियट, डॉर यांपैकीं कोणींहि दुसऱ्याच्या खर्चानें डोंगर राखला नाहीं. आपल्याकडेहि देवरहाटी राहिली ती देवास सोडली म्हणून. तिच्यांतील वाळलेली काटकीहि कोणी घरीं नेली नाहीं, तेव्हां ती राहिली. सामाईक वस्तु मोडते ती प्रत्येकानें आपला वांटा मागितला म्हणजे; आणि ती राहावयाची असेल, तर कोणीतरी आपला वांटा सोडावा लागतो. नुसता नकार म्हणजे वांटा सोडणें नव्हे.

त्या रात्रीं मुक्कामावर आम्हीं उत्तर लिहिलें. पट्टीवर सही करणार नाहीं. मात्र वरच्या आगरांतील कलमांचा आमचा सर्व वांटा आपल्या नांवें करून देतों. त्यांतून कर्ज फेडावें, आणि पट्टी कोणा एकाची न राहतां सहाहि घरांच्या विश्वस्तांकडे रीतसर नोंदवावी, कारण तोंडचा शब्द आमच्या पश्चात् टिकणार नाहीं. चिरंजीवांस वाचून दाखविलें, कारण जें द्यावयाचें तें त्यांचेंच होतें. त्यांनीं थोडा वेळ विचार केला व "पाठवा, बाबा," एवढेंच म्हणाले. मंडळी म्हणाल्या, "म्हणजे येत्या वैशाखांत हापूस विकत घ्यावयाचा तर!" आम्हीं होय म्हटलें.

बंधूंचें उत्तर हा मजकूर लिहीपर्यंत आलेलें नाहीं. बाकीच्या पांच घरांस आमचें म्हणणें पटेल असा भरंवसाहि नाहीं. परंतु त्या दिवशीं सायंकाळीं परततांना डॉर यांच्या डोंगरांवर ऊन उतरत होतें, आणि भूर्जांच्या पिवळ्या पानांतून नातू आमचें बोट धरून चालला होता. तो डोंगर कोणाचा, असें त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें, "आतां तुझाहि." आमच्या पुळणीवर त्यानें हाच प्रश्न विचारला, तर हेंच उत्तर देतां यावें, एवढी इच्छा आहे.